पाठझोळीचा कापलेला कोपरा

स्प्रिंगफील्ड लेक्स, २० जून २०२०

लीना,

पाकीट उलटून पाठवणारीचं नाव वाचलंस की तू बहुधा हे तसंच ठेवून देशील. चालेल. फोन केला असता तर तू कट केला असतास आणि मग मला पुन्हा करता आला नसता. पत्र निदान घरात पडून राहतं.

पत्त्यासाठी मी तुझ्या भावाला, नचिकेतला मेसेज केला होता. त्याने फक्त पत्ता पाठवला, खाली ना नाव ना काही. त्याच्यावर रागावू नकोस. कामाचं आहे असं मीच सांगितलं होतं.

आणि कामच आहे. मार्चपासून विद्यापीठ बंद आहे. आमच्या वस्त्रसंग्रहात आठवड्यातून दोन दिवस जायची परवानगी आहे, एका खोलीत एकच माणूस. बाहेरून कोणी येणार नाही म्हणून सगळा संग्रह ऑनलाइन टाकायचं ठरलंय. प्रत्येक वस्तूसोबत ती करणाऱ्या बाईचं नाव द्यायचं आहे. आपण दोघींनी २०११ मध्ये चीनमधल्या ग्वेइझोऊहून आणलेले, तिथल्या म्याओ जमातीच्या बायकांचे चौदा नग आठवत असतील. तेरा नगांची नावं माझ्या यादीत आहेत. चौदाव्याचं नाही. चौदावं म्हणजे ती निळीतली, मेणाच्या नक्षीची, बाळाला पाठीवर बांधायची झोळी. आपण तिला पाठझोळी म्हणायचो. आमच्या नोंदीत तिच्यापुढे 'कर्ती अज्ञात' असं आहे, आणि ते खरं नाही, कारण तू त्या बाईला नाव विचारलं होतंस आणि वहीत लिहून घेतलं होतंस. त्या पानाचा फोटो पाठवशील का?

२०१२ मध्ये जे झालं त्याबद्दल हे पत्र नाही.

आम्ही बरे आहोत. शिरीष जेवणाच्या टेबलावरून ऑफिस चालवतो, त्यामुळे आम्ही सोफ्यावर जेवतो. ईशानी चौदाची झाली. मी पाकिटावर पत्ता लिहीत होते तेव्हा म्हणाली, "Who writes letters, Mum? Are you a hundred?" तू खाणीच्या लॅबमध्ये मातीतलं सोनं तपासतेस असं कोणाकडून तरी कळलं. तुझा हात तसाच नेमका असेल. कालगुर्लीत कोविड नाही म्हणे. बरं आहे.

उर्वी

स्प्रिंगफील्ड लेक्स, २ ऑगस्ट २०२०

लीना,

उत्तर आलं नाही, आणि का आलं नाही ते मला समजतं. मागचं पत्र मी पुन्हा वाचलं (प्रत ठेवली होती). 'त्याबद्दल हे पत्र नाही' असं मी लिहिलं, ते खोटं होतं. लिहिताना मला एक गोष्ट नऊ दिवस माहीत होती आणि ती मी तुला सांगितली नाही. ती आता सांगते.

आमच्याकडे पान शिऊयिंग नावाच्या बाई अडकून पडल्या आहेत. ग्वेइयांगच्या एका संग्रहालयात काम करतात, वयाने माझ्याएवढ्या, स्वतः म्याओ. जानेवारीत दोन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद झाली. नवरा आणि मुलगी तिकडे. काहीतरी काम हवं म्हणून त्या आमची जुनी चिनी लेबलं वाचून देतात. ११ जूनला मी त्यांना पाठझोळीचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा केला, वरच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कोणी शिवलं?"

मी म्हटलं, मी. कोपरा कापलेला होता, मी भरला.

त्या म्हणाल्या, "मी शहरात वाढले. मला टाके कळतात, त्यामागचं आईला विचारावं लागेल."

मग त्यांनी तिथेच, स्टोअररूमच्या दाराबाहेर उभं राहून, आईला व्हिडिओ लावला. आई पंचाहत्तरच्या, डोक्यावर काळं फडकं, पलीकडे कोंबड्या. आधी मला मुलं किती ते विचारलं. एकच, म्हटल्यावर त्या जे बोलल्या त्याचं भाषांतर शिऊयिंगनी केलं नाही. मग त्यांनी फोटो पाहिला आणि बराच वेळ बोलल्या.

"काय म्हणतात?"

"म्हणते, टाका चांगला आहे. शिवणारी मूर्ख आहे."

मी हसले. शिऊयिंगही हसल्या. आई हसल्या नाहीत. त्यांच्या गावात पाठझोळी सहसा विकत नाहीत. विकायची वेळ आली तर आई ती घरात नेते, बाळाचं डोकं जिथे टेकायचं तिथला कोपरा कापून घेते आणि पेटीत ठेवते. नाहीतर पोर कापडाच्या मागे निघून जातं. त्या म्हणाल्या, "कोपरा घरी ठेवला म्हणून पोर घरी राहिलं. तुम्ही तो शिवून त्याला बोलावताय." त्यांचं गाव आपल्या त्या गावापासून दोन खोरी पलीकडे आहे.

पुढचं तुला सगळं माहीत आहे, तरी क्रमाने लिहिते, कारण क्रमच चुकला होता. ६ नोव्हेंबर २०११, सकाळी अकरा: मी त्या बाईचा फोटो काढला. पाठीवर मुलगी, झोळी पूर्ण. दुपारी: झोळी विकत घेतली. जानेवारीत ब्रिस्बेनला, कीड मारायच्या फ्रीझरमधून काढून खोकं उघडलं: कोपरा कापलेला. कंडिशन रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'धारदार कात्रीने अलीकडे कापलेला. वस्तू ताब्यात घेतल्यानंतरचं नुकसान.' पुरावा म्हणून सकाळचा फोटो जोडला. सकाळ आणि दुपार यांच्यामध्ये काय झालं असेल, हा प्रश्न रिपोर्टमध्ये नाही. रंग तपासायला त्या झोळीचा तुकडा मिळावा म्हणून तू लेखी अर्ज केला होतास आणि तो नाकारला गेला होता. स्टोअररूमची किल्ली तुझ्याकडे असायची. मी तुझं नाव लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती.

म्हणजे रिपोर्ट चुकीचा होता. तू तो कोपरा कापला नाहीस.

आत्ता मी 'चूक झाली' असं लिहून खोडलं. चूक झाली नाही, मी केली.

एक गोष्ट राहून राहून आठवते. आमच्याकडे बोहारणीला जुनी साडी देताना आई काठातली एक दशी ओढून काढायची आणि देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवायची. मी तिला कधी कारण विचारलं नाही. चार वर्षं वस्त्रांचं शिक्षण घेतलं, सोळा वर्षं तेच काम केलं. कापलेला कोपरा दिसल्यावर मला तुझी कात्री आठवली, आईचा डबा आठवला नाही.

उर्वी

स्प्रिंगफील्ड लेक्स, १९ ऑक्टोबर २०२०

लीना,

तुझं पाकीट मिळालं. आत पत्र असेल म्हणून पुन्हा पुन्हा झटकून पाहिलं. फक्त वहीच्या पानाची झेरॉक्स. तेवढीच पाठवायची होती हे कळलं.

तुझं अक्षर तसंच आहे. 'वू आ-माइ, वय २६. मुलगी, दीड वर्ष. नीळ स्वतःची, कापड सासूने विणलेलं. ३.१० बाई झोळी घेऊन आत गेली. ३.१५ बाहेर, गुंडाळून दिली. उर्वीने उघडून पाहिलं नाही, बस हॉर्न देतेय.'

चौकशी समितीपुढे तू हेच पान ठेवलं होतंस. '३.१०'पासूनच्या ओळी वेगळ्या शाईत होत्या, म्हणून त्या मागाहून लिहिल्या असाव्यात असं समितीने म्हटलं. पहिलं पेन संपलं, असं तू सांगितलंस. झेरॉक्समध्ये शाईचा रंग दिसत नाही. सगळ्या ओळी सारख्याच काळ्या आहेत.

वू आ-माइ हे नाव मी नोंदीत घातलं. ती आता पस्तिशीची असेल, मुलगी दहाची. शिऊयिंगच्या आईंनी गावात विचारून पाहते म्हटलंय.

रिपोर्टबद्दल मी अजून डायरेक्टरशी बोललेले नाही. आमच्या डायरेक्टर मार्गारेट, तुझ्यानंतर आल्या. विद्यापीठात लोक कमी करणं चालू आहे. आमच्या मजल्यावरून तीन जण गेले. या महिन्यात हा विषय काढला तर तो नीट ऐकला जाणार नाही, असं मी स्वतःला सांगते. हे कारण खरं आहे. पुरेसं आहे की नाही, ते ठरवता येत नाही.

शिरीषला मात्र सांगितलं. तो म्हणाला, "आठ वर्षं झाली, उर्वी. आता हे उकरून लीनाला काय मिळणार? ती परत थोडीच येणार आहे?"

"तिचं नाव मिळेल."

"तिचं नाव आम्हाला सगळ्यांना माहीत आहे ना."

तुला काय मिळेल ते मलाही माहीत नाही. विचारायचा हक्क आहे का, तेही नाही.

उर्वी

स्प्रिंगफील्ड लेक्स, १४ जानेवारी २०२१

लीना,

गेल्या आठवड्यात इथे तीन दिवस लॉकडाऊन होता. वरचं कपाट आवरताना माझ्या जुन्या डायऱ्यांचं खोकं काढलं. मी रोज लिहिते हे तुला माहीत आहे. हॉस्टेलवर तू म्हणायचीस, उर्वीला शिंक आली तरी तारीख टाकते.

२०१२ ची डायरी पाहिली. समितीपुढे मी बोलले तो दिवस १४ मार्च, बुधवार. त्या दिवशी लिहिलंय, 'आज समिती. दोन तास. घरी येताना भाजी.' एवढंच. भाजी कुठली तेही नाही. ज्या बाईने बसचा हॉर्न वाजल्याची नोंद केली असती, तिने त्या दिवसाबद्दल एक ओळ लिहिली. मला कळायला हवं होतं तेव्हाच. कळलंच होतं. म्हणून तर एक ओळ.

आता जे लिहिते ते मी ऑगस्टच्या पत्रात लिहायला हवं होतं. ऑक्टोबरच्या पत्रातही हवं होतं. तिथे मी शाईबद्दल लिहिलं आणि माझ्याबद्दल लिहिलं नाही.

समितीच्या अध्यक्षांनी मला दोन प्रश्न विचारले. ताब्यात घेताना झोळी पूर्ण होती का? आणि विकणारी बाई ती घेऊन घरात गेली होती, असं लीना म्हणतात, ते तुम्हाला आठवतं का?

मी म्हटलं, झोळी पूर्ण होती. बाई आत गेल्याचं आठवत नाही.

लीना, मला आठवत होतं. तिच्या दाराला मक्याची कणसं टांगलेली होती, ती बाजूला सारून ती आत गेली. तू मला म्हणालीस, "रडायला गेली असेल गं, बघ डोळे." मी म्हटलं, "बस जाईल." मग ती आली आणि तिने गुंडाळी माझ्या हातात दिली, तुझ्या नाही.

प्रत्येक नग उघडून, तपासून, फोटो काढून मग बांधायचा, हे माझं काम होतं. तेरा नगांचं मी ते केलं. चौदाव्याचं नाही. यादीवर मात्र 'पूर्ण, नुकसान नाही' लिहून सही केली. बाई आत गेली होती असं समितीपुढे मान्य केलं असतं तर पुढचा प्रश्न होता: बाहेर आल्यावर तुम्ही उघडून पाहिलं का? त्या प्रश्नाला मला उत्तर नव्हतं. तो विचारला जाऊ नये म्हणून मी त्याच्या आधीच्याचं उत्तर खोटं दिलं.

तुला घालवायला मी ते केलं का? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता येणाऱ्या उत्तरावर माझा विश्वास नाही. कायमची जागा एकच होती आणि आपण दोघी होतो, हे त्या दिवशी माझ्या मनात नव्हतं असं वाटतं. जूनमध्ये तुझा करार वाढवला नाही, तेव्हा होतं. जागा मला मिळाली तेव्हा मी कोणाला काही सांगितलं नाही. मला कामावर आणलं होतं तूच.

आणि त्या कोपऱ्याचं नंतर काय झालं तेही तुला कळावं. तू गेल्यावर मी तो भरला. नीळ मी लावली, तुझ्या टिपणांवरून, चौदा वेळा बुडवून. अंड्यातलं पांढरं लावून लाकडी हातोडीने कुटून चकाकी आणली. जोड कुठे आहे ते कोणाला ओळखू आलं नाही. मेलबर्नच्या परिषदेत मी त्यावर निबंध वाचला, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. निबंधात तुझ्या टिपणांचा उल्लेख आहे, 'आधीच्या नोंदी' असा.

पान फाडून पुन्हा लिहावंसं वाटतंय. तसंच पाठवते.

उर्वी

स्प्रिंगफील्ड लेक्स, ९ ऑगस्ट २०२१

लीना,

सात महिने गेले. शेवटी गेल्या महिन्यात मार्गारेटना सांगितलं. तुझ्याकडून काही आलं नाही, हे लिहायचं थांबवण्याचं कारण नव्हतं. सांगितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. मग सांगणंच पुढे पुढे ढकलत राहिले.

मार्गारेट चांगल्या बाई आहेत. चहा केला, खिडकी उघडली, मास्क काढायला सांगितलं. शिऊयिंगच्या आईंचं सगळं त्यांनी रस घेऊन ऐकलं. "हे तर फारच सुंदर आहे, उर्वी. यावर आपण छोटं ऑनलाइन प्रदर्शन करू." मग मी समितीचं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"दहा वर्षं होत आली."

"नऊ."

"त्या समितीतले दोघे रिटायर झालेत, एक वारले. लीनाने तक्रार केली आहे का?"

"नाही."

"मग नोंद दुरुस्त करू या. तीच महत्त्वाची. बाकी कोणाला त्याचा उपयोग नाही, mate, आणि तुला तर नाहीच."

भरलेला कोपरा काढायला त्यांनी लगेच परवानगी दिली. लॉकडाऊन सुरू व्हायच्या दोन दिवस आधी, २९ जुलैला, मी तो उसवला. शिऊयिंग भिंगाचा दिवा धरून होत्या. आपल्याकडे शिकवतात की दुरुस्ती पुन्हा काढता आली पाहिजे. ती काढता आली. एकशे बारा टाके, चाळीस मिनिटं. खालची कापलेली कड तशीच निघाली. सरळ, एका झटक्यात कापलेली, घाई नसलेल्या हाताची. कात्री लहान असावी. तुझी मोठी होती. हे मी २०१२ मध्ये पाहू शकले असते.

शिऊयिंगनी कापलेल्या कोपऱ्याचा फोटो आईला पाठवला. आई म्हणाल्या, "आता ठीक." आणि विचारलं, घरी कधी येतेस. शिऊयिंग म्हणाल्या, विमानं नाहीत. आई म्हणाल्या, हे तू मागच्या वर्षीही सांगितलंस.

नोंदीचा मसुदा मार्गारेट आणि मी मिळून केला. सोबत मराठी करून पाठवतेय, कारण तुझ्याबद्दल आहे आणि तू आधी वाचावंस:

'नव्याने उपलब्ध झालेल्या माहितीनुसार, या पाठझोळीचा वरचा डावा कोपरा मूळ मालकिणीने, वू आ-माइ यांनी, विक्रीच्या वेळी स्थानिक रिवाजाप्रमाणे कापून घेतला असावा. २०१२ च्या कंडिशन रिपोर्टमधील निष्कर्ष मागे घेण्यात येत आहे. या संदर्भात कोणत्याही कर्मचाऱ्यावर ठपका राहत नाही.'

चुकलं असेल तर सांग. ईशानीने वाचला. तिला पूर्ण गोष्ट सांगावी लागली, आणि ती मी जेवताना, शक्य तितक्या सरळ सांगितली.

"So you lied," ती म्हणाली.

"आठवत नाही म्हटलं होतं मी."

"Yeah, Mum. That's the lie."

शिरीषने तिला वरण वाढलं.

उर्वी

स्प्रिंगफील्ड लेक्स, १४ मार्च २०२२

लीना,

तुझ्याकडून परत आलेला मसुदा गेले सहा महिने माझ्या टेबलावर आहे. लाल पेनाने तू तीन ठिकाणी लिहिलंस. 'नव्याने उपलब्ध झालेल्या' यावर काट, बाजूला: 'माहिती नवी नाही. २०११ ची आहे. मी दिली होती.' 'कोणत्याही कर्मचाऱ्यावर' यावर काट, बाजूला: 'नाव लिही.' आणि अगदी खाली: 'तू समितीला काय सांगितलंस ते कुठे आहे?'

पाकिटात पुन्हा पत्र नव्हतं. या वेळी मी ते झटकलं नाही.

तुझ्या पहिल्या दोन दुरुस्त्या मार्गारेटनी दोन दिवसांत मान्य केल्या. तिसरी म्हणजे त्यांच्या मते नोंद नव्हे, कबुली. कबुली द्यायची तर विद्यापीठाच्या चौकशी कार्यालयाकडे जावं लागेल, आणि तिथे एकदा गेलं की ते आपल्या हातात राहत नाही. "तुला हे नक्की हवंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हवंय का ते माहीत नाही, पण नसेल तर नोंद अर्धीच खरी होते. ऑक्टोबरमध्ये मी लेखी निवेदन दिलं, डायरीच्या त्या पानासकट. तिथले लोक सभ्य होते, हळू होते. फेब्रुवारीत पूर आला, त्यात आणखी तीन आठवडे गेले. आमच्या घराला काही झालं नाही, संग्रह तिसऱ्या मजल्यावर आहे.

निकाल १० मार्चला आला. मी वस्त्रविभागाची प्रमुख होते, ती आता राहत नाही. मेलबर्नचा निबंध मागे घेतला आहे. नोकरी जूनपर्यंत आहे, पुढचं जूनमध्ये कळेल. समितीचा २०१२ चा निर्णय रद्द केल्याचं पत्र विद्यापीठ तुला स्वतंत्रपणे पाठवतंय, रजिस्टर्ड, सही करून घ्यावं लागेल. त्यात दिलगिरी आहे, पण ती वकिलाने लिहिलेली आहे. ती वाचून चिडू नकोस, किंवा चीड.

शिरीष काल म्हणाला, "जूनमध्ये जे होईल ते होईल. आता तू झोपशील तरी." मला झोप आधीही लागायची, लीना. हीच तर गोष्ट आहे.

शिऊयिंगना अखेर विमान मिळालं. गेल्या आठवड्यात गेल्या. तिकडे पोहोचल्यावर हॉटेलात क्वारंटाइन, मग घरी. मुलगी दोन वर्षांत खांद्यापर्यंत आली म्हणे.

तुमच्या राज्याच्या सीमा ३ तारखेला उघडल्या. पर्थचं तिकीट मी पाहिलं, पर्थहून कालगुर्लीचंही पाहिलं, आणि काढलं नाही. न विचारता तुझ्या दारात उभं राहणं म्हणजे पुन्हा मीच ठरवणं झालं. तू बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तर या पत्रानंतर मी लिहिणार नाही. उत्तराची वाट पाहत नाही, असं लिहिणार होते, पाहते आहे.

माफी मी या सहा पत्रांत एकदाही मागितलेली नाही, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. मागितली असती तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. मागते आहे. उत्तर देऊ नकोस.

नोंद शुक्रवारपासून सगळ्यांना वाचायला खुली आहे. ती अशी:

'पाठझोळी, म्याओ, ग्वेइझोऊ. कर्ती: वू आ-माइ, कापड विणणारी: त्यांची सासू, नाव नोंदलेलं नाही. वरचा डावा कोपरा वू आ-माइ यांनी ६ नोव्हेंबर २०११ रोजी दुपारी ३.१० ते ३.१५ या वेळेत, झोळी विकण्यापूर्वी, कापून स्वतःकडे ठेवला, असं मानण्यास पुरेसं कारण आहे. तो घटक हरवलेला नाही. या वस्तूचा तो भाग नव्हे. त्या पाच मिनिटांची नोंद लीना राजाध्यक्ष यांनी त्याच वेळी केली होती आणि २०१२ मध्ये समितीसमोर ठेवली होती. नोंद अचूक होती. कोपरा त्यांनी कापल्याचा निष्कर्ष चुकीचा होता. वस्तू ताब्यात घेताना ती उघडून तपासली गेली नव्हती. ते काम उर्वी सबनीस यांचं होतं. वू आ-माइ घरात गेल्या होत्या का, असं समितीने विचारलं असता उर्वी सबनीस यांनी आठवत नसल्याचं सांगितलं. त्यांना आठवत होतं.

— नोंद लिहिणार: उर्वी सबनीस.'